पुढच्या महिन्याची सुई

लग्न ठरलं तेव्हा सासरच्या गावाबद्दल मला सगळं सांगून झालं होतं. जेवणात रोज मासे, विहिरीचं पाणी मचूळ, सासू तोंडाळ. एकच गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे ते गाव दर तीन-चार वर्षांनी उठून चालतं होतं.

गावपळण म्हणतात तिला. मालवणकडच्या मोजक्याच गावांत ही चाल आहे. माझं माहेर कणकवलीकडचं, काजूच्या बागांतलं, त्यामुळे मला ती ऐकूनही माहीत नव्हती. मार्गशीर्षात देवळात कौल लावतात, म्हणजे देवाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि उजवीकडची पडते की डावीकडची त्यावरून त्याचं हो की नाही ते ठरतं. देवाने दिवस दिला की त्या दिवशी माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी शिवेबाहेर. तीन दिवस, तीन रात्री गावात कोणी पाऊल टाकायचं नाही. मग पुन्हा कौल, आणि देव हो म्हणाला की घरी. हे कशासाठी, असं विचारलं की दहा जण दहा गोष्टी सांगतात. कोणाच्या मते पूर्वी कधी साथ आली म्हणून, कोणाच्या मते गावातल्या भुताखेतांना थोडे दिवस मोकळीक म्हणून. मला सगळ्यांत पटलं ते नवऱ्याचं उत्तर. तो म्हणाला, "मजा येता."

मजा येते हे खरंच आहे. प्रत्येक वाडीची जागा ठरलेली असते. आमची मच्छीमारांची वाडी खाडीपलीकडच्या माळावर जायची. माडाच्या झावळ्यांच्या खोपी रांगेने उभ्या राहायच्या, गाद्या, टोप, कोंबड्यांची खुराडी होडीतून पलीकडे जायची. दिवसभर रांधणं आणि गप्पा, संध्याकाळी फुगड्या, भजनं. गावात एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायका तिथे एका चुलीवर भाकऱ्या थापायच्या. मी हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते २००३ साली, माझ्या मुलीचा नुकता नववा महिना पूर्ण झाला होता तेव्हा.

सासूबाईंबद्दल आधी सांगायला हवं. त्या मासे विकायच्या. पहाटे होड्या लागल्या की लिलावात मासे घ्यायचे, टेम्पोतून बाजाराला जायचं आणि वाटे मांडून बसायचं. वाडीतल्या सगळ्या बायका त्यांच्याबरोबर असायच्या आणि सासूबाई म्हणतील तो वाट्याचा भाव. बांगड्याचा वाटा खाली आणायचा की नाही, गिऱ्हाइकाला किती ताणायचं, हे त्याच ठरवायच्या. भाव ठरवायची सवय लागलेलं माणूस मग घरोघरचं सगळंच ठरवू लागतं. कुणाच्या मुलीला कुठे द्यावी, बाळंतिणीने कधी डोकं धुवावं, सगळ्याला सासूबाईंचा कौल. मला त्याचा राग यायचा, आणि सोय पण वाटायची. वाडीत कोणी मला एक शब्द बोलायची हिंमत करत नव्हतं.

गावपळणीच्या आदल्या दिवशी अंगणवाडीत सुईचा दिवस होता. महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रातली सिस्टर थंड पेटी घेऊन यायची. त्या महिन्यात आमच्या वाडीत गोवराच्या सुईला आलेली बरीच मुलं होती, आणि त्यांतल्या पुष्कळांची डांग्या खोकल्याची सुईही राहिलेली. माझी मुलगी होती, आणि शेजारणीचा नातूही. ही शेजारीण म्हणजे सासूबाईंची बाजारातली जोडीदारीण. दोघी वर्षानुवर्षं एका गोणपाटावर बसत आल्या होत्या.

मी मुलीला झबलं घालत होते तेवढ्यात सासूबाई अंगणातून म्हणाल्या, "आज नको सुई. खोपीत थंडी, वारो, आणि सुयेन पोरांका ताप येतलो. रातभर किरकिरतली, मगे कोणी संभाळूची? फुडल्या म्हयन्यात देवया."

हे त्या मला सांगत होत्या, पण आवाज असा की चार घरांना ऐकू जावा. चारच कशाला, अख्ख्या वाडीला गेला. त्या दिवशी आमच्या वाडीतून एकही मूल सुईला गेलं नाही. सिस्टर स्वतः येऊन गेली. सासूबाईंनी तिला चहा दिला आणि तेच सांगितलं. सिस्टर म्हणाली, "सुईचा ताप एका रात्रीचा असतो हो. बरं, पुढच्या महिन्यात तरी नक्की आणा." तिलाही आमच्या गावाची तऱ्हा माहीत होती.

पहिली रात्र थंडीची गेली. माळावर दव इतकं पडायचं की सकाळी झावळ्यांतून थेंब गळायचे. म्हणून खोपीचं तोंड गोधडीने बंद करून आत नारळाच्या सोडणांची, म्हणजे सोललेल्या सालांची, धग ठेवलेली. धग कमी आणि धूर जास्त. मोठ्यांचे डोळे चुरचुरायचे, तान्ह्यांचं काय होत असेल ते कोणाला सुचलं नाही. मुलीला दोन दिवसांपासून सर्दी होती, पण सर्दी कुठल्या पोराला नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि रडली नाही. माझ्या मांडीवर नुसती पडून राहिली. बायका येताजाता पोरीचे गाल ओढून जायच्या. "केवढा शाणा चेडू गो तुझा. आवाज म्हणान नाय." जोडीदारणीचा नातू शेजारच्या खोपीत भोकाड पसरून बसला होता, त्याला माझी मुलगी दाखवून गप्प करायचा प्रयत्न चालला होता. मलाही आधी बरंच वाटलं. पोर शांत आहे म्हणून मी चहा प्यायले, भांडी घासली. मग दूध पाजायला घेतलं तर ती दोनदा चोखायची, सोडायची आणि तोंड उघडं ठेवायची. मी झबलं वर केलं. तिचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं आणि दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुललेल्या. अंग तापलेलं.

मी सासूबाईंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या, वाकून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ऐट गेली.

"कधीधरना गो ह्यां?"

"सकाळधरना असतला. माका आताच दिसला."

त्या वेळेपर्यंत मी घरात मालवणी बोलायला लागले होते. घाबरले की तर तीच यायची.

सासूबाईंनी बाहेर जाऊन माणसं जमवली. आता अडचण काय होती ते सांगते. आमच्या माळावरून मालवणला जायचं तर खाडी ओलांडून गावातून जावं लागे. गाव बंद. तिथे गाडी नाही, एसटी त्या दिवसांत शिवेवरून परत फिरायची, फोनचा बूथ कुलपात. डोंगरावरून चालत गेलं तर अर्धा दिवस, आणि त्या बाजूलाही गाडी मिळेलच असं नाही. उरली होडी. खाडीतून खाली, मुखातून समुद्रात, आणि किनाऱ्याने मालवण बंदर. पण माळ सोडला की मुखापर्यंत खाडीच्या दोन्ही काठांना आमचंच गाव. मग प्रश्न निघाला की खाडीचं पाणी गावात धरायचं की गावाबाहेर.

मी काजूवाल्यांची मुलगी. मला वाटलं हे दोन मिनिटांत संपेल. पण माणसं खरोखरच बसून विचार करू लागली. ती वाईट माणसं नव्हती. त्यांतल्या दोघांनी आधीच माझ्या हातात मिळेल ते औषध आणून ठेवलं होतं. पण गावपळण मोडली तर गावावर काय येईल, ही भीती त्यांची खरी होती, आणि त्यांचीही पोरं त्याच माळावर होती. शेवटी सगळे सासऱ्यांकडे बघू लागले. सासरे देवळाचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्यांच्या घराण्याकडे. त्यांचा शब्द शेवटचा.

सासऱ्यांनी बराच वेळ खाडीकडे बघितलं. नात त्यांचीच होती, आणि तिला वाचवायची वाट ते शोधत होते. मग म्हणाले, "भरतीचा पाणी दर्याचा, ओहोटीचा पाणी गावाचा. भरती लागांदे, मगे खुशाल जावा. देव काय म्हणूचो नाय."

माणसांना ते पटलं. मला पण, का कोण जाणे, क्षणभर पटलं. पण पाणी तर उतरत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "भरती लागापर्यंत खाडीच्या तोंडार वाळू वर येतली. होडी भायर कशी काढतल्यात?"

हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. उतरत्या पाण्याबरोबर आता निघालं तर होडी वाळूवरून सुटते. थांबलं तर तिसऱ्या प्रहराशिवाय सुटत नाही. म्हणजे देवाला चालणारं पाणी आम्हाला उलटं आणि उशिरा मिळणार होतं.  मी मुलीचं झबलं वर करून त्या सगळ्या बाप्यांना तिचं पोट दाखवलं. सुनेने असं मध्ये येणं आमच्यात बसत नाही, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

"इंजिन चालू कर रे," सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. त्याने वडिलांकडे बघितलं. "बापाशीकडे काय बघतंस? मी सांगतंय मां. देवाक काय सांगूचा तां मी सांगतलंय."

त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं, लुगडं वर खोचलं आणि चिखलातून जाऊन होडीत बसल्या. सासऱ्यांनी अंगावरची शाल काढून माझ्या हातात दिली. हो म्हणाले नाहीत, नको पण म्हणाले नाहीत.

खाडीतून जाताना दोन्ही बाजूंनी आमचं गाव दिसत होतं. दारं बंद, अंगणं झाडून ठेवलेली, कुठे चूल नाही, कुत्रं नाही. आमच्या घराची मागची पायरी दिसली तेव्हा नवऱ्याने विचारलं, "घरातली गोधडी घेवया काय?" सासूबाई म्हणाल्या, "नको. जमनीर पाय नको ठेवूक." एवढं मात्र त्यांनी पाळलं. मुलीला छातीशी उभी धरून त्या पुढे बघत होत्या. मुखाशी होडीचा तळ वाळूला घासला, नवरा उतरला, ढकलली, आणि आम्ही बाहेर पडलो.

मालवणच्या डॉक्टरांनी मुलीला न्यूमोनिया झाल्याचं सांगितलं. ऑक्सिजन लावला, हाताची शीर सापडेना म्हणून डोक्याच्या शिरेत सुई लावली. ते बघताना मी भिंतीला धरून उभी होते. सासूबाई नाही हलल्या. दोन दिवस पोरीचं पोट तसंच उडत होतं. तिसऱ्या दिवशी तिने माझं बोट चावलं आणि भुकेने रडली. मी इतकी खूश कोणाच्या रडण्याने झालेली नाही.

डॉक्टर बोलायला मोकळे होते. म्हणाले, तान्हं मूल दूध सोडतं, नको इतकं गप्प होतं, पोट उडतं, बरगड्या आत जातात, तेव्हा घरचं काही करत बसायचं नाही, उचलून आणायचं. खोपीतला धूर ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. मग सुयांचं विचारलं. गोवराची राहिली आहे म्हटल्यावर म्हणाले, "हा न्यूमोनिया गोवराने झालेला नाही. ती सुई दिली असती तरी हा झाला असता कदाचित. पण गोवर आला की मागून छाती भरते, आणि ती भरली की पुष्कळदा आमच्या हाती काही राहत नाही. त्या सुईने ते टळतं. डांग्या खोकल्याचंही तसंच. फुकट मिळतं ते तरी सोडू नका."

सासूबाईंनी विचारलं, "ती रवलेली सुई आता दिली तर चलात?"

"ताप उतरू दे. मग देऊ."

पुढचे सगळे दिवस त्या रोज सकाळी डॉक्टरांना विचारायच्या, "आज?" शेवटी घरी सोडायच्या दिवशी सुई दिली. त्याच्याआधी घरी जायला त्या तयारच नव्हत्या. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "वाडीतल्या पोरांची सुई रवली मां गो." मी मुलीची दुपटी पिशवीत भरत राहिले.

आम्ही घरी आलो तेव्हा गाव परत आलेलं होतं, पण वेळेवर नाही. ठरल्या दिवशी कौल लावला तर देवाने हो म्हटलं नाही. अख्ख्या गावाला थंडीत आणखी मुक्काम करावा लागला. तांदूळ संपले, म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले, आणि कोणामुळे ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी वाचली याचा वाडीला आनंद नव्हता असं नाही. बायका येऊन तिला बघून गेल्या, खाऊ ठेवून गेल्या. फक्त सासूबाईंशी कोणी बोललं नाही. पहाटे टेम्पो सुटायचा तो त्यांना हाक न मारता. जोडीदारणीने गोणपाटावर दुसरीला बसवलं.

देवळातून निरोप आला की देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करा, विषय संपला. सासूबाईंनी तो निरोप आणणाऱ्यालाच झाडला. "चोरी केलंय काय मी? पोराक घेवन दवाखान्यात गेलंय."  त्या दिवसांत मला माझ्याच मुलीकडे बघून ओशाळल्यासारखं वाटायचं, जसं काही आम्ही दोघींनी हे घडवून आणलं.

नेहमीच्या बाजारात बसणं अवघड झालं तेव्हा सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन खाडीपलीकडे, डोंगराच्या बाजूच्या गावांत दारोदार मासे विकू लागल्या. एक दिवस पाटी जवळजवळ भरलेली परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, "मासे बरे नाय होते काय?" त्यांनी पाटी पडवीत ठेवली आणि खांबाला टेकून बसल्या.

"बांगडे फडफडीत होते. घराघरात गोवर आसा. म्हावरा शिजणा नाय."

आमच्याकडे गोवर म्हणजे देवीचं येणं. ज्या घरात तो येतो तिथे मासे शिजत नाहीत, फोडणी पडत नाही, दाराला कडुनिंबाच्या डहाळीचा टाळ लागतो. सासूबाईंनी त्या दोन दिवसांत किती टाळ पाहिले ते त्या सांगत होत्या, त्या गावांतल्या वाडीवाडीची नावं घेत. त्यातल्या एका घरात तान्ह्या पोराचं पोट उडताना पण त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी त्या आईला मालवणला पाठवलं. "आपल्या चेडवासारखाच उडत होता गो," त्या म्हणाल्या, आणि उरलेले बांगडे मिठाला काढू लागल्या.

सुईचा दिवस चार-पाच दिवसांवर आला होता. सासूबाई वाडीत घरोघर गेल्या. मी मुलीला कडेवर घेऊन मागे. प्रत्येक दारात त्या तेच सांगत होत्या की गोवर पलीकडे आलेला आहे, पोरांना सुई द्या. बायका केर काढत राहिल्या, मिरच्या निवडत राहिल्या. एकीला वाटलं, पुन्हा वाडीत शिरायला ही काहीतरी निमित्त काढते आहे. एक तर म्हणाली, पलीकडे देवी आली असेल तर ती कोणाच्या पापाने आली ते तूच समजून घे. जोडीदारणीने निदान तोंड उघडून सरळ विचारलं. ती म्हणाली, "तेव्हा तूच नको म्हणालंस. आता दी म्हणतंस. आमी कोणाचा आयकूचा?"

 बाजारात कधी ज्यांना शब्द कमी पडला नाही त्या सासूबाई दारातूनच वळून घरी आल्या. मला त्या वाडीचा असा संताप आला की मी माहेरी जायची पिशवी भरली. ज्या बाईचा चुकीचा शब्द यांनी मुकाट ऐकला, तिचा बरोबर शब्द यांना आता नको होता. पिशवी तशीच राहिली, कारण संध्याकाळी सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "सोमवारी नारळ ठेवतंय. गाऱ्हाणा तुमी घाला."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "तुका पटला काय ता?"

"नाय."

"मगे?"

"नारळ ठेवल्याशिवाय माझ्याशी कोण बोलणा नाय. सुयेचो दिवस मंगळवारी आसा."

सोमवारी देऊळ भरलं होतं. माणसांना अशी गोष्ट चुकवायची नसते. सासूबाई नवं लुगडं नेसल्या नाहीत, बाजाराच्याच लुगड्यावर आल्या. देवापुढे नारळ ठेवून हात जोडून उभ्या राहिल्या. आमच्या घरात सासऱ्यांसमोर आवाज चढवणारी ती एकच बाई, आणि आता सासऱ्यांनाच तिच्या वतीने देवाची माफी मागायची होती. त्यांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान ओहोटीच्या पाण्यात होडी घातल्यान. पोराच्या जिवासाठी घातल्यान. चुकला माकला पोटात घाल, आणि गावातल्या पोराबाळांची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

सासूबाई वाकल्या. त्यांचं कपाळ दगडाला टेकलं. बांगड्याच्या भावात कधी मागे न हटलेली बाई होती ती. गुरवाने नारळ फोडला, शेरणी, म्हणजे खोबऱ्याचा प्रसाद, वाटायला घेतली, माणसं उठू लागली. तेव्हा त्या सभामंडपाकडे तोंड करून म्हणाल्या, "आता माझ्याशी बोलूक कोणाची हरकत नाय मां?"

एक म्हातारे मानकरी म्हणाले, "नाय. संपला ता."

"मगे आयका. पलीकडे घराघरात गोवर आसा, मी दारात जावन बघलंय. गेल्या म्हयन्यात सुई नको म्हणान मी सांगितलंय आणि तुमी आयकलास. माझी चूक ती. होडयेची नाय. तिका खंयचो नारळ ठेवूचो ता माका म्हायत नाय. उद्या पोरां घेवन येवा."

देवळात असं कोणी बोलत नाही. नुकतंच कबूल केलेलं तिथल्या तिथे नाकारायचं म्हणजे सगळं पुन्हा सुरू. मी सासऱ्यांकडे बघितलं, कारण आता तेच काय ते बोलू शकत होते. त्यांनी शेरणीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि पुन्हा हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, उद्या वाडीतल्या पोरांका सुयो पडतल्यो. त्यांचो ताप हलको कर रे म्हाराजा."

पुढे बसलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग मागून बायकांतून आवाज आला, "व्हय म्हाराजा." मग बाकीचे पण म्हणाले. गाऱ्हाण्याला हो म्हटलं की ते गावाचं होतं, मग मोडता येत नाही. हे सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मंगळवारी अंगणवाडीच्या पडवीत बसायला जागा नव्हती. सिस्टरला आणखी लस मागवायला माणूस पाठवावा लागला. सासूबाई खांबापाशी बसून एकेक पोर मांडीवर घट्ट धरत होत्या आणि सगळ्यांच्या लाथा खात होत्या. गोवर आमच्या गावात आला तो महिन्याभराने, जत्रेला आलेल्या पाहुण्यांबरोबर. वाडीतल्या काही मोठ्या मुलांना झाला. तान्ह्यांपैकी एकाच्या अंगावर थोडं पुरळ उठलं आणि गेलं. कोणाची छाती भरली नाही. पलीकडच्या गावांत मात्र तसं निभावलं नाही, आणि त्या वाटेला पुन्हा जायचं सासूबाईंच्या जिवावर यायला लागलं.

मला जास्त आठवते ती त्या मंगळवारची संध्याकाळ. दिवे लागायच्या वेळी अंगणात एकेक बाई यायला लागली. सगळ्यांची पोरं तापली होती आणि सगळ्या भांडायला आल्या होत्या. कोणाचं पोर दंडाला हात लावू देत नव्हतं, कोणाचं जेवत नव्हतं. सासूबाई पायरीवर बसून प्रत्येकीला उलट उत्तर देत होत्या, आवाज पहिल्यासारखा. सगळ्यांत शेवटी जोडीदारीण आली. कडेवर नातू, नाक लाल, रडून थकलेला.

"तुझ्या नादाक लागलंय आणि हेका ताप इलो. आता रातभर ह्येच्याबरोबर कोण जागतलो?"

"कपाळार ओली पट्टी ठेव. सिस्टरीन दिल्यान ती गोळी दी, सांगितल्यान तेवढीच. सकाळपर्यंत उतरतलो. नाय उतारलो तर माका हाक मार, मी येतंय."

जोडीदारीण गेली नाही. नातवाला या कडेवरून त्या कडेवर घेत उभी राहिली. मग जाता जाता, मागे न बघता म्हणाली, "सकाळी टेम्पोर येतंस मां? गोणपाटार जागा आसा."

"येतंय," सासूबाई म्हणाल्या.

त्या उठून मागच्या पडवीत गेल्या आणि पाट्या धुवायला घेतल्या. मी मुलीला घेऊन दारात उभी होते. त्या खाली मान घालून रडत होत्या, आणि रडता रडता पाट्या घासत होत्या. मुलगी त्यांच्याकडे झेपावत होती, म्हणून मी तिला खाली सोडलं. ती रांगत गेली आणि त्यांच्या ओल्या लुगड्याला धरून उभी राहिली.